सात नंबरवर कोण होतं

नोंद : १९२.१६८.१.७, मोनालीचा फोन

"सात नंबर," एवढं वाचून कमळाकर घरत थांबला.

असं थांबणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. मोजणी खात्यात त्याची एकतीस वर्षं गेली. बांधावर दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जात असायचे, तेव्हा हा नकाशा उलगडायचा, नंबर वाचायचा आणि थांबायचा. मग दोन्हीकडची माणसं आपोआप गप्प व्हायची. आता समोर बांध नव्हता. रविवारची दुपार होती, सतरंजीवर अकरा ताटं मांडलेली होती, ताटांत जिताडा माशाचं कालवण होतं, आणि अकराही माणसं त्याच्या घरची होती.

"गुरुवार, चौदा तारीख. दुपारी चार वाजून चाळीस मिनिटं. गेटच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ उतरवून घेतलाय तो सात नंबरने. आणि सात नंबर कोणाचा, ते ह्या वहीत हाय. सहीनिशी."

त्याने वही कालवणाच्या टोपाशेजारी ठेवली. कोणी तिला हात लावला नाही. हात खरकटे होते, आणि लावायची गरजही नव्हती. सात नंबरपुढे सही कोणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. मंगळवारी एकेकाला बोलावून त्याने सह्या घेतल्या तेव्हा घरात केवढा हशा झाला होता.

मोनाली, त्याची सून, भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती. तिने वर पाहिलं.

"पप्पा, त्या दिवशी व्हिडिओ उतरवल्याच्या नोंदी किती आहेत?"

"एकच."

"एकच. आणि तुमचा नंबर कुठला?"

"माझा पाच. वहीत बघ."

तिने सतरंजीच्या टोकाला पाहिलं. तिथे बुधाजी बसला होता, कमळाकरचा थोरला भाऊ. मग तिने तुकडा ताटात ठेवला, उठली, हात धुतले. संध्याकाळी तिच्या नवऱ्याने, हितेशने, तिला स्कूटरवरून करंजाला माहेरी सोडलं. परत आला तो बापाशी बोलेना.

नोंद : व्हिडिओ, अठरा सेकंद

पहिले चार सेकंद नुसतं गेट आहे. पाचव्या सेकंदाला बुधाजी येतो, हातात दुधाची पिशवी. नवव्याला गटाराच्या जाळीत त्याची चप्पल अडकते. तो पडतो, एका अंगावर, फार हळू, जसं कोणी त्याला धरून निजवतंय. पिशवी फुटते. तेराव्याला तो हात टेकून उठायला बघतो. चौदाव्याला त्याच्या लेंग्याचा रंग बदलायला लागतो. अठराव्याला व्हिडिओ संपतो.

बुधाजीचं वय चौऱ्याहत्तर. गावकीच्या बैठकीत त्याच्या आवाजाला कधी माइक लागला नाही. शनिवारी हे अठरा सेकंद गावाच्या ग्रुपवर आले. कुठून आले ते कळायला मार्ग नव्हता, चारजणांच्या हातांतून फिरून आलेले होते. खाली कोणीतरी लिहिलं, 'दादूस, नल बंद करा.' एकशे बारा लोकांनी त्यावर हसून दाखवलं.

तेव्हापासून बुधाजी नाक्यावर गेला नाही. खालच्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं असायचं, पण आत जायची कोणाची छाती होत नव्हती.

एकोणिसाव्या सेकंदाला काय होतं ते ग्रुपवर कोणी पाहिलं नाही, कारण ते कापलेलं होतं. एकोणिसाव्या सेकंदाला मोनाली धावत येते. द्रोणागिरीच्या एका गोदामात ती माल रवाना करायचं काम बघते, आणि गुरुवारी तिला सुट्टी असते. ती बुधाजीच्या काखेत हात घालते, आपली ओढणी त्याच्या कमरेला गुंडाळते, आणि त्याला आत घेऊन जाते.

नोंद : नंबर म्हणजे काय, कमळाकरच्या समजुतीप्रमाणे

घरतांची खाडीकाठची शेती फार वर्षांपूर्वी संपादनात गेली. सर्व्हे नंबर एकशे चौदा, हिस्सा दोन, ह्या जागेवरून आज सहा पदरी रस्ता जातो. तरी घरातलं कोणी पनवेलहून उशिरा आलं की सांगतं, "आपल्या एकशे चौदावर ट्रॅफिक होता." जमीन गेली, नंबर राहिला. नंबर असा सहजासहजी हलत नाही. त्याला फेरफार लागतो, नोटीस लागते, हरकत घ्यायला मुदत लागते. एका रात्रीत कोणाचा नंबर कोणाला गेला असं एकतीस वर्षांत कमळाकरने पाहिलं नव्हतं.

म्हणून घरातल्या वाय-फायवर प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो असं त्याला समजलं, तेव्हा पुढचं सगळं आपल्याला आधीपासून येतंच असं त्याला वाटलं.

समजलं ते एका व्हिडिओतून. तीन मजले, एक राउटर. राउटरचं पान कसं उघडायचं, कोणाला कुठला पत्ता मिळालाय ते कसं वाचायचं, हे एक माणूस हिंदीतून फार सावकाश सांगत होता. १९२.१६८.१ हा भाग सगळ्यांचा सारखा, म्हणजे गाव. शेवटचा आकडा ज्याचा त्याचा, म्हणजे हिस्सा. कमळाकरला हे इतकं पटलं की त्याने तिथेच व्हिडिओ बंद केला आणि फूटपट्टी शोधायला उठला. व्हिडिओ एकोणीस मिनिटांचा होता. त्याने अकरा मिनिटं पाहिला.

मंगळवारी, एकोणीस तारखेला, त्याने वहीत रकाने पाडले. टीव्ही दोन. हितेशचा लॅपटॉप तीन. शकूचा फोन चार. स्वतःचा पाच. असं करत मोनालीचा सात, आणि नऊवर कॅमेऱ्यांचा डबा, ज्यात सगळं चित्रीकरण साठतं. प्रत्येकापुढे सही.

"माज्या फोनचा पन सातबारा काढला ह्यांनी," त्याची बायको शकू सही करताना म्हणाली. "आता वारस लावा म्हंजे झालं."

मोनालीने सही केली तेव्हा ती म्हणाली होती, "पप्पा, हे नंबर असेच राहतील असं नाही हां." पण ती हसत होती, आणि घरात तेव्हा सगळेच हसत होते.

मग त्याने डब्याची नोंदवही उघडली. कोण कधी आत आलं, कोणी काय उतरवलं, ते तिथे लिहिलेलं असतं. नाव मात्र कळत नाही, कारण घरातले सगळे ॲडमिन ह्या एकाच नावाने आत जातात. फक्त पत्ता कळतो. चौदा तारखेला उतरवल्याची एक नोंद होती. शेवटी सात.

कमळाकरला तेव्हा काय वाटलं, हे नीट सांगायला हवं. राग नंतर आला. आधी वाटलं ते बरं वाटलं.

नोंद : १९२.१६८.१.७, टीव्ही

मोनाली गेली त्यानंतरच्या गुरुवारी तीन तास लाइट नव्हती. लाइट आली, पण कमळाकरच्या फोनवर कॅमेरे दिसेनात. शुक्रवारी सकाळी काशिराम भोईर आला. पंचवीस वर्षांपूर्वी ह्याच माणसाने गावात केबल आणली, आता फायबर तोच जोडतो. शिडी तीच आहे.

"कमळाकरशेट, कॅमेरा दिसत नाय म्हंजे मेला नाय. त्यानं घर बदललं," काशिराम राउटरचं पान उघडून म्हणाला. "हा बघ. डबा नऊवर होता, आता चारवर गेला. तुजा फोन आजून नऊचंच दार वाजवतोय. नऊवर आता वयनीचा फोन हाय, तो कशाला दार उघडतोय?"

"चारवर शकू हाय," कमळाकर म्हणाला, आणि वही आणली.

काशिरामने वही हातात घेतली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग तो सोफ्यावर बसला आणि पोट धरून हसला.

"सह्या घेतल्यास? अरे, टोकन हाय ते! डॉक्टरकडं जातोस ना तू, शुगर दाखवायला? काल तुला सात नंबर भेटला म्हनून आज तिथल्या पोरीनं सात नंबर पुकारला तर तू उठून आत जाशील काय?"

"म्हणजे?"

"म्हंजे राउटर टोकन वाटतो. जो आधी मागंल त्याला, जो मोकला असंल तो. तो पन मुदतीवर. लाइट गेली, राउटर बंद पडला, की परत पयल्यापासून वाटप. यंत्राचा कायमचा नंबर वेगला असतो, तो कारखान्यातच त्याच्या अंगावर कोरतात. तो तू लिवलाच नाय."

कमळाकरने वहीवर बोट ठेवलं. "पण चौदा तारखेला सातवर..."

"चौदाला सातवर कोन होता ते आता राउटरलापन सांगता येनार नाय. सोमवारी, अठराला, ट्रान्सफॉर्मर गेला होता ना? पाच तास अंधार. त्याच्या आदीचं सगलं पुसलं. आज सातवर कोन हाय बघायचाय?" काशिरामने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. "टीव्ही. आता टीव्हीनं काढला काय दादूसचा व्हिडिओ?"

हे बोलला आणि काशिराम एकदम थांबला. मोनाली करंजाला का गेली ते गावात कोणाला ठाऊक नव्हतं? त्याने वही मिटून टेबलावर ठेवली, दोन्ही हातांनी, मयताच्या घरी वस्तू ठेवतात तशी.

"कमळाकर," तो म्हणाला. नावापुढचं 'शेट' गळून पडलं होतं. "पोरीला तू ह्याच्यावरून बोललास?"

कमळाकर राउटरच्या हिरव्या दिव्यांकडे बघत राहिला.

"डब्याचा नंबर बांधून देतो," काशिराम जरा वेळाने म्हणाला. "त्याच्या कारखान्यातल्या नंबरावरून बांधला की मग लाइट जावो, काय होवो, हालनार नाय. बाकीच्यांचे देऊ बांधून?"

"राहू दे," कमळाकर म्हणाला.

नोंद : चौदा तारीख, चार वाजून चाळीस मिनिटं

एकच नोंद होती. हे मोनालीने त्याच्याच तोंडून वदवून घेतलं होतं.

आणि चौदा तारखेला कमळाकरने स्वतः व्हिडिओ उतरवला होता.

हे तो विसरला होता असं नाही. बुधाजीला आत निजवलं, शेक दिला, त्यानंतर सोफ्यावर बसून त्याने फोनवर कॅमेऱ्याचं ॲप उघडलं, कात्रीचं चिन्ह दाबलं, दोन्ही बाजूंनी कापलं आणि गणूला पाठवलं. गणू म्हणजे खात्यातला जुना सोबती. त्याच्या बायकोचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. 'आमचा म्हातारा बघ कसा पडला. तुझ्या हाडाच्या डॉक्टरचा नंबर दे.' शनिवारी ग्रुपवर बोभाटा झाल्यावर त्याने गणूला फोन केला. गणू आईची शपथ घेऊन म्हणाला, माझ्याकडून नाय. कमळाकरने विश्वास ठेवला. तो ठेवणं सगळ्यात सोपं होतं.

नंतर नोंदवहीत सात नंबर सापडला, तेव्हा आपण उतरवलेल्याची नोंद कुठे गेली हे त्याला विचारावंसं वाटलं नाही. लोकांच्या सातबाऱ्यात एक गुंठा कमी पडला तर हा माणूस तीनतीनदा साखळी टाकायचा. इथे अख्खी नोंद कमी पडत होती, आणि ती त्याचीच होती.

त्याने फोन काढला. गणूला पाठवल्याची वेळ होती चार सेहेचाळीस. संदेश त्याने पुन्हा वाचला. डॉक्टरचा नंबर दे, ह्याच्यापुढे एक पिवळं तोंड होतं, हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारं. ते त्याने स्वतः निवडून लावलं होतं.

गणूने डॉक्टरचा नंबर पाठवला होता. त्याच्यापुढेही तेच तोंड होतं. तीन वेळा.

नोंद : न पाठवलेले संदेश

मोनाली, जरा गैरसमज झाला होता. वाय-फायचे नंबर बदलतात असं आज

मोनाली बेटा, राउटरमध्ये बिघाड

मोनाली, तुझी काही चूक नव्हती. घरी ये. बाकी मागचं काढायला नको

मोनाली, मी

नोंद : करंजा

शनिवारी तो गाडी घेऊन करंजाला गेला. बंदरावर लिलाव आटोपला होता, टोपल्या धुवायचं काम चाललं होतं. मोनालीच्या घरामागे बांबूंना दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांवर बोंबील वाळत होते. मोनाली आणि तिची आई रंभा ते उलटे करत होत्या.

"यावा सायेब," रंभा मागे वळून न बघताच म्हणाली. "मोजनी कराला आलाव? आमचा आंगन मोजा. तीन पिढ्या झाल्या, कोनी मोजला नाय."

"आई," मोनाली म्हणाली.

रंभा दोन दोऱ्या पलीकडे सरकली. तिथून तिला सगळं ऐकू येत होतं.

कमळाकरने गाडीत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकच आलं.

"व्हिडिओ मीच काढला होता."

"हो," मोनाली म्हणाली. "सोफ्यावर बसून तुम्ही कापत होतात. मी मोठ्या बाबांचे कपडे भिजत घालायला नेत होते, तेव्हा बघितलं. आमच्या गोदामात चाळीस स्कॅनर आहेत पप्पा. रोज सकाळी चालू केले की कोणाला कुठला नंबर मिळेल सांगता येत नाही, म्हणून आम्ही त्यांच्या पाठीवर स्टिकर लावतो. नोंद एकच आहे म्हटल्यावर ती कोणाची ते मला तिथल्या तिथे कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

कालपासून त्याने एक गोष्ट मनाशी धरून ठेवली होती: सुनेने चारचौघांत आपली लाज राखली. त्याला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं.

"मोठे बाबा बसले होते समोर," ती म्हणाली. "आठ दिवसांनी पहिल्यांदा सगळ्यांत जेवायला आलेले. गावातल्या कोणी नाही, सख्ख्या भावाने पाठवला, हे त्यांनी ताटावर ऐकायचं? मी त्यांच्यासाठी गप्प बसले. तुमच्यासाठी नाही."

एवढीही लाज त्याची राखलेली नव्हती.

"चुकलो मी," तो म्हणाला.

"हे तुम्ही इथे सांगताय. इथे मी आहे, आई आहे आणि बोंबील आहेत. तिथे अकरा माणसं होती."

"सगळ्यांसमोर सांगितलं तर दादूसला कळंल."

"कळेल."

"मग सांगू की नको?"

मोनालीने हातातला बोंबील दोरीवर टाकला. "ते मला विचारू नका. तुम्ही माझी अजून एक सही मागताय."

पलीकडच्या दोरीमागून रंभा म्हणाली, "चाय पिनार काय?" तिने ते इतकं साधेपणाने विचारलं की कमळाकरला नाही म्हणता आलं नाही. त्याने उभ्यानेच चहा घेतला. जीभ भाजली, तरी घोट थांबवला नाही.

नोंद : खालचा मजला

बुधाजी पलंगावर बसला होता. टीव्ही चालू होता, आवाज बंद होता. कमळाकर दार लोटून आत आला तेव्हा तो म्हणाला, "ये. आजाऱ्याला बघाला आलास? काय बदाम आनलेस काय?"

"नाय."

"मग बस."

कमळाकर बसला नाही. बसलो तर बोलणार नाही हे त्याला कळत होतं. "दादूस, तो व्हिडिओ मी काढला. मी गणूला पाठवला. तिथून तो सगलीकडं गेला. पोरीचा काय संबंध नाय."

बुधाजी टीव्हीकडे बघत राहिला. पडद्यावर एक बाई हातवारे करून हवामान सांगत होती.

"दाखव," तो म्हणाला.

"काय?"

"व्हिडिओ. मी बघितला नाय आजून. सगल्या गावानं बघितला, माजा मीच रायलोय."

कमळाकरने गणूला पाठवलेला व्हिडिओ उघडला. त्याने फोन धरला. बुधाजीने चष्मा लावला, फोन स्वतःच्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. अठरा सेकंद. मग पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "चप्पल तुटली नाय. मला वाटलं होतं तुटली."

चौथ्यांदा त्याने विचारलं, "हितं का संपवलास?"

कमळाकरने फोन घ्यायला हात पुढे केला, बुधाजीने तो दिला नाही.

"म्होरं पोरगी आली होती ना? तिनं मला उचलला. ती कुठं गेली?"

"कापली."

"का?"

कमळाकरला वाटलं, खाली फरशी आहे ती जरा सरकावी. एकतीस वर्षं त्याने लोकांच्या हद्दी ठरवल्या होत्या, इथून तुझं, इथून त्याचं. ही हद्द त्याने कशासाठी ठरवली ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

"ती आली की... मजा जात होती," तो म्हणाला.

बुधाजीने चष्मा काढला. काचा बनियनच्या टोकाला पुसल्या. बराच वेळ पुसल्या.

"हसलास?"

"हो."

"लान असताना मी तुला खांद्यावर बसवून भरतीतून पलीकडं नेला होता. तू माज्या डोक्यावर मुतलास. आठवतं?"

"नाय."

"तुला नायच आठवनार. मी कोनाला सांगितलं नाय." बुधाजी आडवा झाला आणि भिंतीकडे वळला. "उद्या रविवार हाय. सांग सगल्यांना. कापलंस ते पन सांग. नायतर नको सांगू, अर्धंमुर्धं नको."

नोंद : अकरा ताटं

मोनालीला हितेशने फोन केला, ती स्वतः बसने आली. ताटं वाढून झाली. कोणी भाकरी मोडायच्या आत कमळाकर उभा राहिला. तो उभा राहिला तसे सगळे घाबरले, मागच्या रविवारचं आठवून. शकू म्हणाली, "अवो, जेवू द्या की आदी."

"जेवताना सांगितलं होतं, म्हणून जेवताना सांगतो."

हातात काही कागद नव्हता. त्याने सांगितलं. नंबर टोकनासारखा असतो, त्याला कळलं नव्हतं, हे सांगताना त्याचा आवाज बरा होता. तिथे दोघंतिघं समजून घेतल्यासारखी मान हलवायलाही लागली. तिथेच थांबता आलं असतं. वाय-फायवर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं, शकूच्या चेहऱ्यावर तसा सुटकेचा भाव दिसायलाही लागला होता.

"पन ते नंबराचं सोडा," तो म्हणाला. "व्हिडिओ उतरवल्याची नोंद एकच होती, आणि उतरवला मी होता. हे मला वही लिहायच्या आधीपासून ठाऊक होतं. मी गणूला पाठवला. हसायचं तोंड लावून पाठवला. मोनाली दादूसला उचलायला आली ते मी कापून टाकलं. आणि मग मीच हितं बसून तिचं नाव वाचलं."

शकूचा चेहरा पुन्हा मिटला. तिने मोनालीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग उगाचच कालवणाच्या टोपावर झाकण ठेवलं. हितेश बोटांनी भात गोळा करत होता, सोडत होता, गोळा करत होता.

कमळाकरला वाटत होतं, कोणीतरी ओरडावं, निदान शकूने तरी.

"ऐकलं," मोनाली म्हणाली.

तिने बुधाजीच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला, काटा कमी असलेला. मग ती जेवली. सगळेच जेवले. जेवण झाल्यावर तिने कपाटातून हितेशचे चार शर्ट काढून पिशवीत भरले. हितेश म्हणाला, "मी पण थोडे दिवस करंजावरून कामाला जाईन." कोणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही. 'कधी येणार' असं विचारायचं शकूच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने नवऱ्याकडे बघून ते गिळलं.

स्कूटर गेली. त्या आवाजानंतर बुधाजी उठला, शर्ट चढवला, पायांत चपला सरकवल्या.

"कुठं चाललास?" कमळाकरने विचारलं.

"नाक्यावर."

"हात धरू?"

"नको."

तो गेटमधून बाहेर पडला, जाळी बघून, तिच्या बाजूने. कमळाकर मागे निघाला. शेजारी चालायची हिंमत नव्हती आणि एकटं सोडायचीही नव्हती, म्हणून दहा पावलं मागे. गावठाणाची गल्ली, मग नव्या टॉवरची भिंत, मग नाका. टपरीवर पाच-सहाजण होते. पंगत उठून पाऊण तास झाला होता. एवढ्या वेळात घरातून बातमी बाहेर पडून गावभर झाली होती, हे त्यांच्या बघण्यावरून दिसत होतं. बुधाजी आला तसं त्यांनी बाकड्यावर जागा केली. आणि मग सगळे त्याच्या मागे बघायला लागले.

"काय कमळाकरशेट," एकजण म्हणाला, "आज कोनाचा पिक्चर उतरवनार?"

दुसरा म्हणाला, "जपून रे, तुला पन नंबर देईल. मग सही मागंल."

टपरीवर हशा उसळला. बुधाजीने आधी तोंड आवळून धरलं. मग त्यालाही आवरेना. तो गुडघ्यावर हात आपटून हसला, खोकला येईपर्यंत हसला, आणि खोकला थांबल्यावर परत हसला. हसताना आपला भाऊ दहा पावलांवर उभा आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी हसला.

कमळाकरला मागे वळता आलं असतं. गल्ली मोकळी होती. तो वळला नाही. कोणीतरी फोन काढून त्याच्याकडे धरला, तेव्हाही त्याने तोंड फिरवलं नाही.

बुधाजीने चहा सांगितला. एक. बाकड्यावर पाय वर घेऊन त्याने तो सावकाश, बशीत ओतून घेतला. चहा संपेपर्यंत कमळाकर उन्हात उभा राहिला.